अडीच वर्षं

“तोंड उघड,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी आत्याकडे पाहिलं. आम्ही तोंड दाखवायला आलो नव्हतो. कशाला आलो होतो ते तानूआत्याने दारातच, पदर ओठांवर धरून, दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. पोरीला सोळावं सरत आलंय आणि अजून काही नाही. ‘काही’ हा शब्द ती इतक्या हळू बोलली की बाईंना पुन्हा विचारावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी इतक्या मोठ्याने बोलली की बाहेरच्या बाकावरच्या बायका गप्प झाल्या.

“उघड गं. खात नाही मी तुला.”

मी आ केला. बाईंनी आत बॅटरी मारली, बोटाने गाल ओढला आणि अगदी मागची हिरडी दाबली. मी कळवळले. तिथे महिनाभर ठणकत होतं, पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. एका दुखण्यावरून घरात एवढी कुजबुज चाललेली असताना दुसरं कशाला काढायचं?

“दुधाचा शेवटचा दात कधी पडला?”

“हिचा व्हय?” आत्याने उत्तर दिलं. “दोन वर्सं झाली असतील. सुळा पडला की. मी म्हटलं बी हिला, एवढी घोडी झालीस आन् अजून दात पडत्यात.”

बाई हसल्या नाहीत. आत्याने बरोबर आणलेला शाळेचा कागद त्यांनी पुन्हा हातात घेतला, त्यावरची जन्मतारीख बोट ठेवून वाचली, मग माझं मनगट चाचपून पाहिलं.

“हिची आई कुठे असते?”

“मेंढरांमागं. दिवाळी झाली की खाली जात्यात ती. आता कराडच्या अंगाला असतील.”

“तिला घेऊन या. नाहीतर तिला भेटून या. ही नेमकी कधी जन्मली, कशी वाढली, सगळं विचारा. तोवर मी काही सांगणार नाही.”

“आन् औषीद?”

“औषध नाही.”

औषध न देता डॉक्टरने परत पाठवणं ही आमच्याकडे फार वाईट खूण होती. माझ्या आजोबांना असंच पाठवलं होतं, आणि ते आठ दिवसांत गेले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आत्याने माझा हात धरला. तिने याआधी कधीच माझा हात धरला नव्हता.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली, विट्यातली. मी दहावीत होते. आमच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंत, शेजारच्या गावात सातवीपर्यंत, म्हणून आठवीपासून मी वडलांच्या थोरल्या बहिणीकडे राहायला आले होते. त्याआधी आत्याची आणि माझी ओळखही नव्हती. कुणाच्या तरी लग्नातल्या मानपानावरून तिचं आणि वडलांचं बरीच वर्षं बोलणं नव्हतं. ते सुरू झालं आणि लगेच मी तिच्या गळ्यात पडले. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, यंत्रमागावर कामाला, आणि आत्या घरी बसून मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. मीही भरायची, पहाटे पाचपासून शाळेच्या वेळेपर्यंत.

आत्याची मुलगी शकू नववीत होती, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान. ती दीड वर्षापूर्वीच बाजूला बसली होती. तिची ओटी भरली, गल्लीत गोड वाटलं, आणि तेव्हापासून दर महिन्याला ती तीन दिवस कोपऱ्यात बसली की तिचं पाणी मी भरायची. दर महिन्याला आत्या माझ्याकडे पाहायची. आधी सहज, मग रोखून, आणि या वर्षी तर घाबरून. शाळेत दहावीच्या मुलींना निळी साडी होती. मला साडी नेसवताना आत्याला कमरेशी इतकं खोचावं लागायचं की मी बाळंतविड्याचं गाठोडं दिसायची. मुली मधल्या सुट्टीत एकमेकींच्या कानात काहीतरी सांगून हसायच्या. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळायचं नाही, म्हणून मी त्यांची तोंडं बघून थोड्या उशिराने हसायची.

अभ्यासाचं तर विचारूच नका. सराव परीक्षेत भूमितीत अकरा मार्क पडले होते. सर पेपर हातात देताना म्हणाले, “मालन, तू पुस्तक वाचतेस की पुस्तक तुला?” वर्ग हसला, तेव्हा मात्र मीही वेळेवर हसले.

आणि एक गोष्ट होती जी मी कुणालाच सांगितली नव्हती. मला गल्लीतल्या पाचवी-सहावीच्या मुलींबरोबर गजगे खेळावेसे वाटायचे. नुसते वाटायचे नाहीत, त्यासाठी जीव तुटायचा. दूध आणायला गेले की मी दोन डाव खेळूनच परत यायची. एकदा आत्याने पाहिलं आणि वेणीला धरून घरात आणलं. “सोळा वर्सांची बाई आन् बारक्या पोरींत उकिडवी बसतीया! लाज न्हाई?” लाज होती. फार होती. त्या रात्री मी मनाशी ठरवूनच टाकलं की मी वेडसर आहे. अंग वाढत नाही, डोकं चालत नाही, आणि खेळायला बारकी पोरं लागतात, म्हणजे दुसरं काय असणार?

घरात निर्णय झालेला होता. मामा म्हणाले होते, दवाखान्यातून नीट उत्तर आलं तर परीक्षेला बसू दे. काही खोट निघाली तर शाळा बंद, पोरगी वस्तीवर परत. आत्याने त्यावर जे म्हटलं ते मी कांड्या भरता भरता ऐकलं. “जी बाईच व्हनार न्हाई तिला शिकवून तरी काय करायचं?” ती वाईट मनाने बोलली नव्हती. पण वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीने आम्ही कराडला निघालो. आत्याने गाडीत बसल्या बसल्या मला भाजलेल्या शेंगांची पुडी घेऊन दिली, न मागता. मग संत्रं घेतलं, सोललं, आणि एकेक फोड माझ्या हातात देत राहिली. आता माझं काही खरं नाही, हे मी ओळखलं.

“आत्या, मी मरणार हाय का गं?”

“गप. काय बी बोलतीस.”

“मग औषध का नाही दिलं?”

“खा ती फोड,” आत्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. उन्हाने पाणी आलं म्हणाली. खिडकी सावलीच्या बाजूची होती.

मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या माणसाला पत्ता नसतो. त्यांना शोधायची एकच रीत. स्टँडवर उतरायचं आणि विचारत सुटायचं. चहाच्या गाड्यावर आमचं आडनाव ऐकून एकाने सांगितलं, गडदे ना, ते मसूरच्या रस्त्याला होते मागच्या आठवड्यात. तिथे गेलो तर कळलं, कालव्याच्या पलीकडे एका पाटलाच्या तुटलेल्या उसाच्या रानात बसवली आहेत. खतासाठी शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, आणि तितके दिवस धनगराचा संसारही त्याच रानात. आम्ही कालव्याच्या काठाने चालत निघालो. ऊन चढलं होतं. आत्या पुढे, मी मागे, आणि माझ्या मनात एकच हिशेब चालू. आई काय सांगेल? मी पोटात असताना ती पडली असेल. मला काहीतरी झालं असेल आणि सगळ्यांनी माझ्यापासून लपवलं असेल.

घोडं दिसलं, मग पालाखाली बांधलेल्या कोंबड्या, आणि मग चुलीपाशी वाकलेली आई. वडील मेंढरं घेऊन लांब गेले होते. आईने मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली.

“वन्सं! कोन गेलं?”

आगाऊ निरोप न देता नणंद अशी रानात येऊन उभी राहिली म्हणजे दुसरं काय असणार!

“कोन न्हाई गेलं. बस खाली,” आत्या म्हणाली. “हौसा, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खरं सांग. ही पोटात हुती तवा तुला काय झालं हुतं?”

“काय हुनार? तुमच्या भावाची बोलनी खाल्ली.”

“चेष्टा न्हाई गं! पोरीला अजून पाळी न्हाई. डाक्टरीन म्हनली आईला इचारून या. औषीद सुदिक दिलं न्हाई.”

आईने माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काळजी नव्हती. नुसतं नवल होतं.

“मग? एवढ्यात कुठली यायला?”

“एवढ्यात म्हंजी?”

“तेरा वर्सांची तर हाय पोर. मलाच पंधराव्याला आली हुती.”

आत्याने पिशवीतून शाळेचा कागद काढला आणि आईच्या तोंडापुढे धरला. आईला वाचता येत नव्हतं, हे ती घाईत विसरली.

“हे बघ. सदुसष्ट साल. एक जून. सोळा व्हतील हिला जूनमदी.”

“ते शाळंचं वय, वन्सं,” आई म्हणाली. “घरचं येगळं.”

तिने ते इतक्या सहज सांगितलं, जसं काही घरचं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं. मी जमिनीवर बसले.

“नीट सांग,” आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम बसला होता.

मग आईने सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची तेव्हा मी तीन वर्षांची होते. खडीच्या ढिगापाशी पोत्यावर बसून मी सुकडी खायची. पुढच्या साली पाऊस पडला, आणि जूनमध्ये वस्तीवर पहिल्यांदा शाळा आली. जंगम गुरुजी रोज सहा मैल चालत यायचे. शाळा टिकायची तर पटावर वीस पोरं पाहिजेत असं त्यांना वरून सांगितलेलं. घरोघर हिंडून एकोणीस झाली.

“मग आलं आपल्या पालावर. म्हनलं, हौसाबाई, एक पोर कमी पडतंय, हिला बसवा. मी म्हनलं, आवं तिला अजून चड्डीची नाडी बांधता येत न्हाई. म्हनलं, बसू द्या नुस्ती. तवा जन्माचा दाखला कुनाकडं हुता? उजवा हात डोक्यावरनं घ्यायचा आन् डावा कान धरायचा. धरता आला की पोर सा वर्सांचं.” आई हसायला लागली. “तुझा हात कानापतूर पोचतूय व्हय! वर टाळूपाशीच अडकला. मग गुरुजींनीच तुझी मान अशी वाकडी क्येली. लागला हात! आन् लिवली एक जून. समद्यांचीच एक जून लिवली.”

“म्हंजी अडीच वर्सं जास्त लिवली,” आत्या म्हणाली.

“आसंल. दिवाळीतली हाय ती, वसुबारसेची.”

आई अजून हसत होती. मी उठले आणि तिच्या अंगावर धावून गेले. आईवर हात उगारला म्हणून मला नंतर बरीच वर्षं वाईट वाटत होतं, पण तेव्हा मी तिच्या खांद्यावर, पाठीवर, जिथे लागेल तिथे दोन्ही मुठींनी मारत होते आणि ओरडत होते, “मला का सांगितलं नाहीस? मला का नाही सांगितलंस गं?”

“अगं, अगं! तुला ठावं न्हवतं?” आईने माझे हात धरले. ती खरोखर चकित झाली होती. “तुझंच वय, आन् तुलाच ठावं नसंल आसं कुनाला वाटंल?”

“मला वाटलं मी वेडी हाय. मला वाटलं माझ्यात काहीतरी कमी हाय. वर्गात समदी मला हसत्यात, आये, आन् मला भूमिती येत न्हाई, आन् मला गजगे खेळावंसं वाटतं...”

मी रडत होते आणि रडता रडता मला इतकं हलकं वाटत होतं की त्याचाही राग येत होता. मी वेडी नव्हते. मी ढ नव्हते. मी लहान होते, एवढंच. आणि ते सांगायला कुणाला एक वाक्य लागलं असतं.

आईने मला मांडीवर ओढलं. मग ती हाताची पेरं मोजायला लागली. एकदा मोजून झाली, पुन्हा मोजली. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

“वन्सं,” ती म्हणाली, “म्हंजी तुमच्याकडं धाडली तवा ही दहाची हुती? मी म्हनलं सातवी झाली, मोठी झाली. गुरुजी बी तसंच म्हनलं. मी कधी मोजलंच न्हाई.”

आत्या उसाच्या खोडक्यांतच बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“दहा वर्सांची पोर,” ती म्हणाली. “आन् मी तिला पाच वाजता पानी मारून उठवायची.”

आईने भाकरी टाकली, कोरड्यास वाढलं. जेवताना आत्या म्हणाली, आता डॉक्टरणीकडून लिहून घ्यायचं, शाळेत जायचं, तारीख बदलून घ्यायची आणि पोरीला दोन यत्ता खाली बसवायचं. आईचा हात थांबला.

“आन् गुरुजींची नोकरी?”

“त्यांनी खोटं लिवलं न्हवं?”

“लिवलं. पर तवा शाळा टिकली, वन्सं. आता चाळीस पोरं हाईत. हिचा धाकला भाऊ वस्तीवर ऱ्हाऊन तिथंच दुसरीत हाय. चवकशी लागली तर म्हातारपनी तो मानूस घरी बसंल.”

आत्या हात धुवायला गेली. परत आली ती पदराला हात पुसत, आणि तिच्या चेहऱ्यावर कांडीच्या तुटलेल्या सुताचं टोक सापडल्यावर यायचा तसला भाव होता.

“नापास व्हायचं,” ती म्हणाली.

“काय?”

“फारम भरलाय न्हवं? बसायचं परीक्षेला. समदे पेपर लिव. भूमिती तेवढी कोरी ठेव. एकात गेली की गेली. या साली नापास, फुडल्या साली बी नापास. कुनाची नोकरी जात न्हाई, कुनाला इचारायला लागत न्हाई. तवर हिच्या अंगाला बी कळंल आन् डोक्याला बी.”

“आन् लोकं काय म्हनतील?” आई म्हणाली.

“म्हनतील तानूबाईची भाची ढ हाय. म्हनू द्यात.”

लोक काय म्हणतील यापायी जिने दवाखान्यात ‘काही’ हा एक शब्दही पदराआडून कुजबुजला होता, ती बाई हे बोलत होती. मी तिच्याकडे बघतच राहिले. आत्या माझ्यावर खेकसली, “बघतीस काय? जेव!” मी जेवले. त्या दिवशी मी चार भाकरी खाल्ल्या.

विट्याला परतल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मागून फुटत असलेली दाढ बाराव्या-तेराव्याला येते, म्हणूनच त्यांना शंका आली होती, असं म्हणाल्या. पोरगी ठणठणीत आहे, तिला झोपू द्या आणि दूध द्या. मामांनी ऐकलं आणि ते उठून बाहेर गेले. आले ते दुधाचं भांडं घेऊन.

पुढचा महिना मला सात वाजेपर्यंत कुणी उठवलं नाही. संध्याकाळी मी गल्लीत गजगे खेळायची. शेजारची पारूबाई दारात येऊन म्हणाली, “तानूबाई, दहावीचं वर्स आन् पोरगी हितं?” आत्या कांड्या भरता भरताच म्हणाली, “झालाय तिचा अभ्यास.” पारूबाई दोन दिवस गल्लीभर हसत होती. आत्याला ते सगळं ऐकू येत होतं. तिची मान खाली असायची आणि कांड्या भरायचं चाक जोरात फिरायचं.

गंमत अशी की भूमितीचं पुस्तक मी तेव्हाच पहिल्यांदा मनापासून उघडलं. कोणी विचारणार नव्हतं, कोणी मार्क मोजणार नव्हतं, म्हणून एक दिवस सहज एक आकृती काढून पाहिली. मग दुसरी. शकू म्हणाली, “अगं, कोरा द्यायचाय ना पेपर?” मी म्हटलं, हो, द्यायचाय.

भूमितीच्या पेपराला मी खिडकीजवळच्या बाकावर होते. हॉलतिकिटावर एक जून सदुसष्ट. प्रश्नपत्रिका उलटली आणि वाचली. मला येत होतं. सगळं नाही, पण येत होतं. केंद्रापासून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो हे सिद्ध करा. मी कंपास काढला. नुसतं बघू तरी, म्हटलं. वर्तुळ काढलं, जीवा काढली, त्रिज्या जोडल्या. पक्ष, साध्य, सिद्धता. एकेक ओळ पुढची ओळ घेऊन येत होती. ते संपलं तसं दुसरं लिहिलं, मग रचना केली, मग आणखी एक. दीड तासाने मी थांबले आणि मनात गुण मोजले. बीजगणित बरं गेलं होतं. ते धरून मी पास होत होते.

मी पेन खाली ठेवलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा सगळी पानं बरोबर होती, आणि ती कुणालातरी दाखवावीत असं मला फार वाटत होतं. पास झाले तर जूनमध्ये कॉलेज. मोठ्या मुली, मोठी मुलं, आणि त्यांच्यात मी, उशिराने हसणारी. पुन्हा कुणी विचारणार, अजून नाही? पुन्हा पुढे, पुन्हा घाई, माझा हात पोचत नसला तरी मान वाकडी करून पुढे.

मी पट्टी घेतली. पहिल्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली, मग उलटी दुसरी. पान उलटलं. पुन्हा दोन रेघा. चौथ्या पानाशी आले तेव्हा देखरेखीच्या बाई धावत आल्या.

“अगं ए! काय करतेस?” त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि वाकून वाचलं. “बरोबर आहे की हे सगळं. खोडतेस कशाला?”

मी त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि राहिलेली रेघ पूर्ण केली.

“पुढच्या वर्षी लिहीन, बाई,” मी म्हणाले. “मला घाई नाही.”